दसऱ्याला न आलेली सायकल

शरद ऋतु म्हटला म्हणजे श्रोत्यांना चांदणें, कमळें आणि निवळलेलें नदीचें पाणी आठवेल, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्यांचें बालपण मावळांत गेलें त्यांना शरद आठवतो तो निराळ्याच गोष्टींनीं. भोरच्या शेजारचें उत्रोली हें आमचें गांव. तेथें भाद्रपद सरतां सरतां भात निसवूं लागे, बांधांवरचें गवत कमरेशीं येई, नीरेचा गढूळपणा जाऊन तळचे गोटे दिसूं लागत, हस्त नक्षत्र कोरडें जातें कीं काय याची चर्चा पारावर चाले. आणि घरोघर एक तरी अंथरूण पडलेलें असे. हिंवताप हा त्या काळीं मावळांतील शरदाचा नेमानें येणारा पाहुणा होता. दुपारचें ऊन रणरणत असतां दोन घोंगड्या अंगावर घेऊन कुडकुडणारी माणसें मीं लहानपणीं इतकीं पाहिलीं आहेत कीं, शरद आणि थंडी यांची सांगड माझ्या मनांत निसर्गानें घातलेली नसून तापानें घातलेली आहे.

आज मला बोलावयाचें आहे तें १९४३ सालच्या शरदाविषयीं आणि त्या शरदांत माझ्या वडिलांनीं घेतलेल्या एका सायकलीविषयीं. विषय क्षुल्लक वाटेल. पण एका प्राथमिक शिक्षकाला एक सायकल मिळण्यास दीड महिना आणि पुण्याच्या तीन खेपा कां लागाव्यात, या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेल्यास तें भोरांत सांपडत नाहीं, पुण्यांतहि पुरतें सांपडत नाहीं. त्यासाठीं जावा-मलायापर्यंत जावें लागतें.

तत्पूर्वीं सायकल या वाहनाविषयीं थोडेंसें. आज आपण जिला सायकल म्हणतों तिला जुनीं मराठी माणसें पायगाडी म्हणत. हा शब्द मला फार आवडतो; दुचाकी या शब्दावर पुढें स्कूटरनें आणि मोटारसायकलीनें हक्क सांगितला, पायगाडी मात्र निर्वेधपणें सायकलीचीच राहिली असती. ही पायगाडी हल्लींच्या रूपांत आली १८८५ सालीं. त्या वर्षीं इंग्लंडांत जॉन केम्प स्टार्ली यानें दोन जवळजवळ सारख्या चाकांची आणि साखळीनें मागचें चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारांत आणली. त्यापूर्वींच्या सायकलीचें पुढचें चाक पुरुषभर उंच असे, व तीवरून पडणें म्हणजे घोड्यावरून पडण्याहून वाईट. पुढें तीन वर्षांनीं, १८८८ सालीं, डनलॉप यानें हवा भरलेला टायर काढला आणि हाडें खिळखिळीं करणारें हें यंत्र माणसाला बसण्याजोगें झालें.

याच १८८८ सालापासून किर्लोस्कर घराणें आपल्या उद्योगाचा आरंभ मोजतें, आणि तो आरंभ सायकलच्या दुकानाचा होता ही गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. मुंबईच्या रस्त्यावर त्यांनीं सायकल पाहिली, तिची विद्या समजून घेतली, आणि मुंबईहून सायकली घेऊन त्या बेळगांवास आपले बंधु रामूअण्णा यांजकडे ते पाठवूं लागले. रामूअण्णा त्या विकीत आणि विकत घेणाऱ्यास बसावयास शिकवीतहि. हें शेवटचें काम मला मोठें अर्थपूर्ण वाटतें. त्या काळीं सायकल होती, पण गिऱ्हाईक नव्हतें. तेव्हां दुकानदाराला गिऱ्हाईक घडवावें लागे, त्याच्या मागें खोगीर धरून पळावें लागे. पुढें लक्ष्मणरावांनीं १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर काढला, तेव्हांहि हेंच झालें. लोखंडानें जमीन विषारी होते असें म्हणून शेतकरी दोन वर्षें त्या नांगराकडे फिरकले नाहींत. पंतप्रतिनिधींच्या औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली ती १९१० सालीं. आमचें भोर पंतसचिवांचें. आमच्याकडे असा कारखाना कांहीं आला नाहीं. असो.

चाळीस-पन्नास वर्षांत पारडें पालटलें. पुण्यासारख्या शहरांत विद्यार्थी, कारकून, वकील, वर्तमानपत्रें वांटणारीं पोरें, सारीं सायकलीवर आलीं. ताशीं भाड्यानें सायकल देणारीं दुकानें पेठापेठांतून निघालीं, नगरपालिकेचा बिल्ला आला, रात्रीं दिवा नसला तर पोलिसानें अडविण्याचा प्रसंग आला. वाऱ्यानें विझणारा तो तेलाचा दिवा, आणि ‘आतांच विझला’ हें त्यावरचें ठराविक उत्तर! मुंबईच्या तरुणांना तर सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची हिंमत झाली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं, म्हणजे ऐन शरदांत, सहा पारशी तरुण मुंबईहून निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे प्रवास पुरा करून १९२८ सालीं परत आले. त्यांचें वर्णन माझ्या वडिलांनीं कोठें तरी वाचलें होतें. त्यांना आश्चर्य वाटलें तें वाळवंटांचें नव्हे. “इतक्या वाटेंत त्यांना ट्यूब मिळत गेल्या,” असें ते म्हणत.

कारण १९४३ सालीं ट्यूब मिळत नव्हती. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं आपल्याकडील बहुतेक सायकली इंग्लंडांतून येत; त्यांच्या जोडीला स्वस्त जपानी मालहि येऊं लागला होता. युद्ध सुरू होतांच इंग्लंडांतील कारखाने शस्त्रसामग्रीकडे वळले. बी. एस. ए. या नांवांतील शेवटचीं दोन अक्षरेंच मुळीं बंदुकांची आठवण देणारीं आहेत. ती कंपनी आपल्या मूळ धंद्यावर गेली इतकेंच. आपल्या देशांत सायकली बनविण्याचे प्रयत्न सुरू झाले होते, पण त्यांचा माल मागणीच्या मानानें अगदीं अल्प. त्यांत जपान युद्धांत उतरला. फेब्रुवारी १९४२ मध्यें सिंगापूर पडलें, मार्चमध्यें जावा पडलें. मलाया आणि जावा-सुमात्रा हीं जगाच्या रबराचीं कोठारें. तीं एका तिमाहींत शत्रूच्या हातीं गेलीं. दैवाचा विनोद असा कीं, मलाया जिंकणारें जपानी पायदळ पुष्कळसें सायकलींवरूनच आलें होतें, आणि टायर फुटले तेव्हां तें नुसत्या लोखंडी रिमवर पुढें रेटत गेलें असें सांगतात.

जावाबरोबर आणखी एक वस्तु गेली. जगांतील क्विनीनपैकीं बहुतांश जावांतील सिंकोनाच्या सालीपासून होई. म्हणजे ज्या घावानें रबर गेलें त्याच घावानें हिंवतापाचें औषधहि गेलें. उत्रोलीच्या आमच्या घराला हे दोन्ही धक्के एकदमच बसले.

माझे वडील हिरडस मावळांतील एका खेड्यांत शिक्षक होते. शाळा घरापासून सात मैलांवर. सोमवारीं पहाटे ते चालत जात, आठवडाभर शाळेच्याच एका खोलींत राहत आणि शनिवारीं दुपारीं परत येत. घरीं आई, आम्ही तीन भावंडें आणि आजी. त्या वर्षीं श्रावणापासूनच आजीला दिवसाआड ताप येऊं लागला. दवाखान्यांतून क्विनीनच्या गोळ्या मोजून मिळत, त्याहि नेहमीं नव्हे. आजी रात्रीं तापाच्या भरांत वडिलांना हांका मारी, आणि ते सात मैलांवर. वडिलांनीं ठरविलें कीं सायकल घ्यावयाची, म्हणजे रोज रात्रीं घरीं येतां येईल. युद्धापूर्वीं ज्या पैशांत सायकल आली असती त्यापेक्षां कितीतरी अधिक पैसे लागणार होते. आईनें पाटल्या काढून दिल्या. भात घरांत आल्यावर त्या सोडवूं, असें ठरलें.

पहिल्या खेपेस वडील पुण्याला गेले ते पितृपक्षांत. आजीचा विरोध होता. पितृपक्षांत नवी वस्तु घरांत आणूं नये. “आणीत नाहीं, नुसती पाहून येतों,” असें सांगून ते गेले. सर्व्हिस मोटार त्या काळीं पेट्रोलच्या टंचाईमुळें कोळशाच्या वायूवर चाले. चढावर उतारूंनीं खालीं उतरून ढकलावी लागे. दुकानदार सभ्य होता. “गुरुजी, माल नाहीं. नांव लिहून ठेवतों, निम्मे पैसे ठेवून जा.” वडील पैसे ठेवून पावती घेऊन आले. आजीचें म्हणणें आपोआपच पाळलें गेलें.

नवरात्र आलें. गल्लींत मुलींचा हादगा सुरू झाला, माझी थोरली बहीण रोज खिरापत ओळखून यावयाची. दसऱ्याला सायकल दारांत हवी, असें आम्ही मुलांनीं ठरवूनच टाकलें होतें. दुसऱ्या खेपेस वडिलांना सांगाडा दिसला, दोन रिमा दिसल्या, साखळी दिसली. टायर-ट्यूब नव्हते. घंटी, कुलूप, मागचा कॅरियर आणि उभी करण्याचा घोडा यांचे पैसे निराळे पडतील असेंहि त्याच वेळीं कळलें. वडील उरलेले पैसे देऊन परत आले, कारण ‘पुरे पैसे दिलेल्यांचा नंबर आधीं’ हा नियम दुकानांत नव्यानेंच झाला होता.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, विळे, पहार, नांगराचा फाळ यांची पूजा होई. त्या वर्षीं आजीनें अंथरुणावरून उठून सायकलीची पावती मागून घेतली, विळ्याशेजारीं ठेविली, तिजवर हळदकुंकू वाहिलें आणि झेंडूचें एक फूल ठेविलें. वडील हंसले नाहींत. त्या कागदावरील कुंकवाचा डाग मीं पुढें अनेक वर्षें पाहिला आहे.

तिसरी खेप वसुबारसेच्या आदल्या दिवशीं. सायकल तयार होती. नवी म्हणून ती दिली गेली. सांगाडा नवा असावा, परंतु मागच्या चाकाचा तुंबा वापरलेला होता आणि त्यावर काळा रंग फांसलेला होता हें वडिलांना उजेडांत आल्यावर दिसलें. मागची ट्यूब ठिगळांची. परत देण्याची सोय नव्हती, कारण परत देऊन घ्यावयाचें काय? पुणें ते भोर सुमारें तेहतीस मैलांची वाट. वडील निघाले. कात्रजचा घाट त्यांनीं सायकल हातीं धरून चढला, बोगद्यांतून पलीकडे आले, उतारावर एकदांच काय तें नव्या सायकलीचें सुख त्यांना मिळालें असावें. कापूरव्होळच्या अलीकडे ट्यूब फुटली. भाताच्या रोपांसारखें ठिगळावर ठिगळ लावलेल्या त्या रबरांत आतां नवें ठिगळ धरेना. फुटक्या ट्यूबमध्यें पेंढा कोंबावा अशी युक्ति एका गाडीवानानें सांगितली. पण भातें अजून शेतांत उभीं होतीं, पेंढा कोठून आणणार? वडिलांनीं गवत कोंबलें, आणि वसुबारसेला पहाटे, आई गाईची पूजा मांडीत असतां, सायकल ढकलीत ते दारांत आले.

दिवाळींत ते दुरुस्तीसाठीं भोरांत हिंडले. सुटी संपल्यावर शाळा सुरू झाली ती भातकापणीच्या गर्दींत. निम्मीं पोरें शेतांत. तेव्हांपासून वडील रोज दिवस मावळल्यावर घरीं येऊं लागले. खळ्यांवर झोडणीचे आवाज चालत, धुकें नीरेवरून वर येई, आणि त्या धुक्यांतून प्रथम घंटी ऐकूं येई. दिव्याला तेल मिळत नसे म्हणून ते वाटभर घंटी वाजवीत येत. आजी ती घंटी ऐकून उठून बसे. क्विनीनच्या गोळ्या आतां ते वाटेंत चौकशी करून, कधीं दोन, कधीं चार, घेऊन येत. एके दिवशीं तर चार गोळ्यांसाठीं बारा मैल अधिक फिरून आले.

आजी चंपाषष्ठीच्या आदल्या रात्रीं गेली. वडील घरीं होते. तिच्या उशाशीं बसलेले.

आईच्या पाटल्या त्या भातावर सुटल्या नाहींत; पुढच्याहि नाहीं. १९४८ सालीं भोर संस्थान विलीन झालें, वडिलांची बदली भोरजवळच्या शाळेंत झाली आणि सायकलीची गरज उरली नाहीं. स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनपत, लुधियाना येथें कारखाने उभे राहिले आणि सायकल ही रांग न लावतां मिळणारी वस्तु झाली. तोंवर आमच्या सायकलीचीं दोन्ही चाकें, खोगीर आणि साखळी बदलून झालीं होतीं. तिजवर मी नळीखालून पाय घालून शिकलों, माझी बहीण मात्र शिकली नाहीं. तिला कोणी शिकविलेंच नाहीं. मागचा तो रंग फांसलेला तुंबा तेवढा शेवटपर्यंत टिकला. तो कोणत्या कारखान्याचा होता हें रंग खरडून पाहण्याचें वडिलांच्या मनांत फार होतें, पण तें राहून गेलें.