बिदागी आणि सेवा

गणपती जवळ आले की कार्यकारिणीच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : बुवांना काय द्यायचे? कोणीतरी म्हणतेच, ‘देवाचे काम आहे, असेच येतील.’ मांडववाल्याबद्दल असे कोणी म्हणत नाही.

प्रश्न जुना आहे. जिथे कीर्तन करावे तिथे अन्नही घेऊ नये, द्रव्य तर नाहीच, हा वारकऱ्यांचा दंडक तुकोबांचा. पण तुकोबांच्या घरी वाण्याचा धंदा होता, महाजनकी होती. दुष्काळात सारे बुडाले, तरी कीर्तनाला त्यांनी पोटाचे साधन केले नाही. नारदीय बुवांचे तसे नाही. पूर्वरंग, आख्यान, साकी-दिंडी, गायन यांच्या तयारीत त्यांची वर्षे जातात आणि घर त्यावरच चालते. बिदागी, शिधा आणि आरतीच्या ताटातले नाणे ही त्यांची मिळकत. पेटी-तबलेवाल्यांचा वाटाही त्यातूनच.

आपले पूर्वज ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याला स्थिरावले तेव्हा दरबार आणि देवस्थाने बुवांना वर्षासन देत. श्रोता खिशात हात न घालता उठे, म्हणून ती कीर्तने आपल्या आठवणीत ‘फुकट’ राहिली. वास्तविक पैसे आधीच कोणी दिलेले असत. १९४८ साली ग्वाल्हेर आणि इंदूर मध्य भारतात विलीन झाले, राजाश्रय आटला. सवय तेवढी उरली.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा ते स्वतः सरकारी पगारावर होते. बोलणे हा त्यांचा चरितार्थ नव्हता. वकील-प्राध्यापकांनी व्यासपीठावर विनामूल्य यावे ही रीत त्यांना परवडणारी होती.

आणि गाडगेबाबा? ते तर खापरात भाकरी खाऊन, दिवसा गाव झाडून रात्री कीर्तन करीत. लोक पैसे देत, पण ते जात पंढरपूर, नाशिकच्या धर्मशाळांना, ऋणमोचनच्या घाटाला. स्वतःला काही न घेणे हे त्यांचे त्यांनी ठरवले होते. कुठल्या मंडळाने त्यांना तशी अट घातली नव्हती. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. पूरग्रस्तांसाठी कार्यक्रम असेल, मांडववाला आणि लाऊडस्पीकरवालाही पैसे सोडत असतील, तर वक्त्याला जरूर विचारावे. बाकी वेळी त्याने आपणहून नको म्हटले तर ती सेवा. आपण आधीच गृहीत धरले तर नुसती काटकसर.

लहानपणी एका उत्सवात पुण्याचे एक बुवा तबलजीसह आले होते. रंग असा भरला की मध्यरात्र उलटली तरी कोणी उठेना. निरोपाला शाल, श्रीफळ, टाळ्या. दुसऱ्या दिवशी वडील त्यांना स्टेशनवर पोचवायला गेले. परतीचे तिकीट बुवांनी काढले, स्वतःचे आणि तबलजीचेही. वडिलांनी घरी येऊन आईला एवढेच सांगितले, आणि पुढल्या वर्षी बिदागीच्या वर्गणीत पहिले नाव त्यांनी स्वतःचे घातले.