कंपवात आणि टँगो : आधाराचा एक इतिहास

१८१७ साली लंडनच्या हॉक्स्टन भागात व्यवसाय करणारे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी कंपवातावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात वर्णिलेल्या सहा रुग्णांपैकी काही त्यांनी केवळ रस्त्यावर पाहिलेले होते. हा तपशील किरकोळ नाही. पुढे झुकलेले धड आणि चालता चालता नकळत धावत सुटण्याची ओढ या गोष्टी वैद्याच्या खोलीपेक्षा रस्त्यावरच नीट दिसतात. पुढे फ्रेंच मज्जातज्ज्ञ शार्को यांनी या आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले. १९६०च्या दशकात लेव्होडोपा हे औषध हाती आले आणि अनेकांच्या आखडलेल्या हालचाली सुटल्या. तरीही तोल जाणे, दारातून जाताना पाय जमिनीला खिळून राहणे या तक्रारी औषधाला नेहमीच दाद देत नाहीत.

दुसरा धागा दक्षिण अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिओ दे ला प्लाता नदीच्या दोन काठांवर, ब्यूनस आयर्स आणि मॉन्तेविदेओ येथील गरीब वस्त्यांत, युरोपातून आलेले स्थलांतरित आणि आफ्रिकी वंशाचे रहिवासी यांच्या सहवासातून टँगो घडला. प्रथम अभिजनांनी त्याकडे पाहून नाक मुरडले. १९१३च्या सुमारास पॅरिसने त्याला डोक्यावर घेतले आणि २००९ मध्ये युनेस्कोने मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून त्याची नोंद केली.

टँगो हे मुळात चालण्याचे नृत्य आहे. मिठीत उभे राहून दोघे चालतात, थांबतात, वळतात, मागे जातात आणि पुन्हा सुरुवात करतात. कंपवाताच्या रुग्णाला नेमक्या याच क्रिया अवघड होतात. जी हालचाल आतून आपसूक उमटत नाही, तिला संगीताचा ठेका आणि जोडीदाराचा स्पर्श बाहेरून इशारा देतात.

अमेरिकेतील सेंट लुइस येथे मॅडेलिन हॅकनी आणि गॅमन अर्हार्ट यांनी हे तपासले. २००९च्या त्यांच्या अभ्यासात ५८ रुग्णांचे तीन गट होते : टँगो, वॉल्ट्झ-फॉक्सट्रॉट आणि काहीच न करणारा. १३ आठवड्यांत तासाभराचे २० वर्ग झाल्यावर दोन्ही नृत्यगटांचा तोल सुधारला, आणि टँगोचा लाभ दुसऱ्या नृत्याइतका किंवा काही बाबतींत अधिक दिसला. पुढच्याच वर्षी त्यांनी अधिक अवघड प्रश्न विचारला : जोडीदार खरोखरच लागतो का? ३९ रुग्णांपैकी काहींनी जोडीदारासह, काहींनी एकट्याने टँगोचे पदन्यास केले. तोल आणि चालण्याचा वेग दोन्ही गटांत सारखाच सुधारला. मात्र जोडीने नाचणाऱ्यांना आनंद अधिक मिळाला आणि पुढेही नाचत राहण्याची इच्छा त्यांनी अधिक व्यक्त केली.

हा निष्कर्ष जोडीदाराच्या विरोधात जातो, असे वरवर वाटेल. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. कंपवात बरा होत नाही. त्याच्यासह वर्षानुवर्षे जगावे लागते. अशा आजारात जो उपचार माणसाला स्वतःहून पुन्हा करावासा वाटतो, त्याचे मोल तोलाच्या गुणांकनात पुरते मावत नाही. शिवाय या वर्गांत रुग्ण केवळ सांभाळला जात नव्हता. पुढाकार घेणारा आणि अनुसरणारा, अशा दोन्ही भूमिका त्याला कराव्या लागत. ज्याला एरवी सगळे हात धरून नेतात, त्याने क्षणभर दुसऱ्याला नेणे ही साधी गोष्ट नव्हे.

आपल्याला हे परके वाटू नये. फुगडीत दोघींचा तोल एकमेकींच्या हातांत असतो. एकीने हात सोडला की दोघी पडतात. पुण्यात हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग घेतले आहेत; तिथे टँगो नाही, पण नृत्याच्या वर्गात येणारा माणूस प्रथम नर्तक असतो, रुग्ण नंतर, हा विश्वास तोच आहे.

पार्किन्सन यांनी रस्त्यावर एकेकटे चालणारे लोक पाहिले आणि आजार ओळखला. त्यांच्यासोबत कोणीतरी चालावे, हे वैद्यकाच्या ध्यानी यायला पुढे जवळजवळ दोन शतके लागली.