दाखला घेतलेल्यांचे काय करायचे?

इ. स. २५० च्या जून महिन्यात इजिप्तमधल्या एका खेड्यात डायोजिनीस नावाच्या ७२ वर्षांच्या म्हाताऱ्याने सरकारी समितीकडे अर्ज दिला. उजव्या भुवईवर व्रण, अशी ओळखखूण त्यावर आहे. आपण देवांना नेहमीच बळी देत आलो, आताही तुमच्यादेखत दिला, मद्य ओतले, अर्पण केलेले चाखले. तरी तसा दाखला मिळावा, एवढेच मागणे. सम्राट डेशियसच्या फर्मानाने रोमन साम्राज्यातल्या लोकांवर ही सक्ती आली होती. असे चाळीसहून अधिक पपायरस इजिप्तमध्ये सापडले आहेत, त्यांत मगरदेवाच्या एका पुजारिणीचाही आहे. तिला त्यात गमावण्यासारखे काही नव्हते. ख्रिस्ती माणसासाठी मात्र तो कागद म्हणजे ख्रिस्ताला नाकारणे होते, आणि हजारोंनी तो घेतला. कार्थेजचा बिशप सिप्रियन लिहितो की, काहीजण धरपकडीची वाटही न पाहता चौकात धावले. संध्याकाळ झाली, उद्या या, असे अधिकारी सांगत असताना त्यांनी आजच उरकण्याची गळ घातली.

छळ ओसरताच हेच लोक रडत मंडळीच्या दाराशी परत आले. रोममधला विद्वान पाळक नोव्हेशियन म्हणाला, त्यांनी जन्मभर पश्चात्ताप करावा, देव त्यांचे काय ते पाहील, पण मंडळीला त्यांना प्रभुभोजनाला बसवण्याचा अधिकार नाही. याच आग्रहापायी २५१ मध्ये तो रोमचा बिशप कॉर्नेलियस याचा प्रतिस्पर्धी म्हणून उभा राहिला. त्याला क्रूर ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. ज्यांनी तुरुंगात हाल सोसले, जे मेले, त्यांच्या निष्ठेला मग अर्थ काय उरतो, हा त्याचा प्रश्न खरा होता. पण त्याच्या उत्तरात सगळे ढळलेले एकाच मापाने मोजले जातात, आणि माझा आक्षेप तिथे आहे. सरसकट निवाड्याला माणसाकडे पाहावेच लागत नाही.

दया दाखवायची तर पाहावे लागते. सिप्रियन मुळात मवाळ नव्हता. श्रद्धा न सोडल्याने तुरुंगात गेलेले साक्षीदार भाबडेपणाने क्षमेच्या चिठ्ठ्या वाटू लागले, कधी नावही न लिहिता ‘अमका आणि त्याच्या घरचे’ एवढेच, तेव्हा त्याने त्या सरसकट मान्य केल्या नाहीत. २५१ च्या कार्थेजच्या सभेने प्रत्येकाचे प्रकरण वेगळे तपासायचे ठरवले. एकजण आपणहून धावत गेला, दुसरा झगडून शेवटी मोडला. एकाने बायकामुलांनाही वेदीपाशी ओढले, दुसऱ्याने एकट्याने जाऊन पाप पत्करले आणि घर वाचवले. कुणी पैसे भरून नुसता कागद मिळवला. यांना एका रांगेत कसे उभे करणार, असे सिप्रियन विचारतो. पिकातला दाणाही घरात येणार नाही असे बजावून शेतकऱ्याला कुणी नांगरायला सांगते का, हाही त्याचाच युक्तिवाद. परतण्याची वाट बंद असेल तर पश्चात्ताप तरी कुणी कशाला करावा?

कुणी म्हणेल, हे सारे संख्या टिकवण्याचे आणि बिशपांची सत्ता पक्की करण्याचे राजकारण होते. सत्ता वाढली हे खरेच आहे. क्षमेची किल्ली साक्षीदारांच्या हातून बिशपांकडे आली. पण सत्तेपुरताच हिशेब असता, तर पहिल्याच दिवशी दारे उघडून गर्दी आपलीशी करणे सोपे होते. त्याऐवजी कार्थेजने बळी देणाऱ्यांना आधी मरणाच्या दारातच क्षमा देऊ केली. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा पश्चात्तापात टिकलेल्या सर्वांना सामावून घेतले. कारण असे दिले की, ज्यांना ख्रिस्ताच्या रक्ताचा प्याला नाकारायचा, त्यांना ख्रिस्तासाठी रक्त सांडा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? हे लिहिणारा सिप्रियन स्वतः २५० मध्ये लपून राहिला होता आणि त्याबद्दलचे टोमणे त्याने ऐकले होते. १४ सप्टेंबर २५८ रोजी त्याचा शिरच्छेद झाला, तेव्हा तो लपला नाही.

नोव्हेशियनचा पंथ मात्र टिकला, आणि त्याचे लोक स्वतःला ‘शुद्ध’ म्हणवत. ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेने त्यांच्या पाळकांना पदासह परत घ्यायची तयारी दाखवली, पण अट घातली: छळात ढळलेल्यांशी आपण सहभागिता ठेवू, असे आधी लिहून द्यावे. पाऊणशे वर्षांपूर्वी ढळणाऱ्यांकडून कागद मागितला गेला होता. या वेळी तो शुद्धांकडून मागितला गेला.