दारुहळद : एक नांव, दोन वनस्पति

पुणें शहरांत गुलटेकडीच्या मार्केट यार्डांतील भुसार विभागांत हळद पोत्यांनीं येते; ती कंदाची हळद होय. वैद्यकाच्या हस्तलिखितांत येणारी दारुहळद ती नव्हे, हें संग्राहकांस ठाऊक आहेच. परंतु ती नेमकी कोणती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. आणि जुनीं बाडें छापूं इच्छिणारांस तो टाळतां येण्याजोगाहि नाहीं.

संस्कृत ग्रंथांत तिला दार्वी, दारुहरिद्रा, कटंकटेरी अशीं नांवें आहेत. दारु म्हणजे लांकूड. तें पिवळें, म्हणून हें नांव पडलें. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें भावप्रकाशांत दार्वीचा काढा व तितकेंच दूध एकत्र आटवून रसांजन करण्याची रीति सांगितली असून, तें नेत्रांस हितकर म्हटलें आहे. रसरत्नसमुच्चयांत मात्र रसांजनाची गणना पांच अंजनांत, खनिजांच्या पंक्तीस, केलेली आढळते. तेव्हां बाडांत ‘रसांजन’ दिसतांच सुरमा समजणें किती धोक्याचें, हें उघड आहे.

ह्या द्रव्यास परदेशींहि साक्ष मिळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथांत भडोचहून बाहेर जाणाऱ्या मालांत ‘लिकिऑन’ गणलें आहे. सहारनपूरच्या वनस्पतिबागेचे पूर्वीचे अधीक्षक जॉन फोर्ब्स रॉईल ह्यांनीं 1833 मध्यें डायोस्कोरिडीझच्या भारतीय लिकिऑनचा मेळ उत्तरेकडील रसोतीशीं घातला. ही रसोत हिमालयांतील बर्बेरिस वर्गाच्या कांटेरी झुडपांपासून होते. त्यांतील मुख्य जी बर्बेरिस अरिस्टाटा, ती सुमारें 6,000 ते 10,000 फूट उंचीवर वाढते. तिच्या फांदीवर बहुधा तिहेरी कांटे असतात.

दक्षिणेंत त्याच नांवानें दुसरीच वस्तु विकली जाते. ती कोसिनियम फेनेस्ट्रेटम, म्हणजे गुळवेलीच्या कुळांतील बिनकांटी महावेल. सह्याद्रीच्या दक्षिण भागांत व सिंहलद्वीपांत ती होते. तमिळांत तिला मरमंजळ, अर्थात् झाडहळदच, म्हणतात. दोहोंतहि बर्बेरिन हें पिवळें द्रव्य असल्यानें लांकडाचा रंग व कडू चव सारखीच. काष्ठाचे तुकडे होऊन दुकानीं आले, कीं एकीचा कांटा व दुसरीची वेल दोन्ही रानांतच राहतात.

तात्पर्य, ‘दारुहळद’ हें नांव रंगापुरतें प्रमाण आहे. वनस्पति ठरविण्यास तें पुरत नाहीं. म्हणून संपादकांनीं मूळ शब्द जसाच्या तसा ठेवावा, व त्यापुढें लॅटिन नांव घालण्यापूर्वीं माल कोणत्या मुलखांतून येई तें पाहावें. त्यासाठीं व्यापाऱ्यांचीं दप्तरें धुंडाळलीं पाहिजेत. पुण्याचा भुसार व्यापार मार्केट यार्डांत येण्यापूर्वीं नाना व भवानी पेठांत चाले. अशा पेठांतील जुन्या वह्या रद्दींत जाण्यापूर्वीं हाताखालून घालाव्या. ज्या ओळींत दारुहळदीपुढें आवकेच्या गांवाचें नांव असेल, ती ओळ निघंटूंतील दहा पर्यायांहून अधिक मोलाची.

हा केवळ पाठनिर्णयाचा वाद नव्हे. कोसिनियम आज दक्षिण भारतांत अतिसंकटग्रस्त ठरली आहे, आणि हिमालयांतील झुडूपहि मुळासाठीं खणलें जातें. आमच्या छापील टीपेवरून उद्यां कोणी औषध घेईल व कोणी रान खणील. ती टीप लिहितांना एवढें भान असावें.