ख्रिस्ती शिकवणीत गुनाह आणि तौबा: जबाबदारी कोणाची?

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतल्या आपल्या मुलामुलींची ख्रिस्ती माणसांशी ओळख बहुधा पुण्यात गेल्यावर होते. कॉलेजात, दवाखान्यात, कंपनीत कुणी ख्रिस्ती सोबतीला असतं आणि सणावाराच्या निमित्ताने धर्माचं बोलणं निघतं. अशा वेळी आपल्याकडचं एक ठरलेलं वाक्य पुढे येतं: "त्यांचं सोपं आहे. हजरत ईसा (अ.) यांनी सगळ्यांचे गुनाह उचलले, मग यांना हिशेब कसला?" हे ऐकून समोरचा दुखावतो, कारण त्याचा धर्म तसं सांगत नाही. किताबवाल्यांशी चर्चा करायची तर उत्तम रीतीनेच करा, असा कुरआनचा आदेश आहे (२९:४६). त्यासाठी समोरचा नेमकं काय मानतो, हे आधी माहीत पाहिजे.

मूळ पाप म्हणजे काय?

आदम (अ.) यांच्या हातून झालेल्या आज्ञाभंगाचा परिणाम सगळ्या मानवजातीवर झाला, असं ख्रिस्ती मानतात. याचा आधार संत पौल यांनी रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. पुढे संत ऑगस्टीन (३५४-४३०) यांनी हा विचार सविस्तर मांडला. पण सगळे पंथ तो एकसारखा मानत नाहीत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चच्या मते माणसाला वारशात मृत्यू आणि दुबळेपणा मिळतो, आदमचा अपराध नाही. कॅथलिक चर्चच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथातही स्पष्ट म्हटलं आहे की मूळ पाप हा आदमच्या वंशजांचा वैयक्तिक अपराध नव्हे. म्हणजे वाईटाकडे झुकणारा स्वभाव जन्मापासून असतो, पण प्रत्यक्ष केलेल्या गुनाहाचा जाब ज्याचा त्यालाच द्यावा लागतो.

ज्याचा त्याचा हिशेब

बायबलमधील यहेज्केलच्या ग्रंथाचा अठरावा अध्याय याच विषयावर आहे. बापाच्या पापाचा भार मुलावर नाही आणि मुलाच्या पापाचा भार बापावर नाही, हा त्याचा आशय. आपल्या वाचकांना इथे लगेच कुरआनची शिकवण आठवेल, की ओझं वाहणारा कुणीही दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही (६:१६४). पौल यांनीही त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात प्रत्येकाला देवापुढे स्वतःचा हिशेब द्यावा लागेल असं लिहिलं आहे. देवाची कृपा मोठी आहे, मग पाप करत राहायला काय हरकत, हा प्रश्न त्यांनी सहाव्या अध्यायात स्वतःच उपस्थित केला आणि ठामपणे फेटाळला. आपण घेतो ती शंका त्यांच्या किताबात जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच घेतलेली आहे.

तौबेचा मार्ग

'तौबा' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ परत फिरणे. हिब्रू भाषेतला 'तेशुवा' हा शब्दही याच अर्थाचा, एकाच मुळातला. मराठी बायबलमध्ये 'पश्चात्ताप' हा शब्द येतो. त्याच्या जागी मूळ ग्रीकमध्ये असलेल्या शब्दाचा अर्थ 'मन पालटणे' असा आहे. नुसतं वाईट वाटून घेणं त्यात पुरेसं नाही.

कॅथलिक पद्धतीत माणसाला तीन गोष्टी कराव्या लागतात: मनापासून पस्तावणे, धर्मगुरूपुढे पाप कबूल करणे आणि भरपाई करणे. चोरी केली असेल तर माल परत द्यावा लागतो, कुणाची बदनामी केली असेल तर ती दुरुस्त करावी लागते. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे. लोकांकडून फसवून घेतलेलं चौपट परत करण्याची तयारी तो दाखवतो.

प्रोटेस्टंट पंथात धर्मगुरूपुढची कबुली सक्तीची नाही, माणूस थेट देवाकडे क्षमा मागतो. हा पंथ ज्या वादातून उभा राहिला तो वादही तौबेचाच होता. पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ झाल्याची पत्रं विकली जात, त्याविरुद्ध मार्टिन लूथर यांनी १५१७ मध्ये आवाज उठवला. विश्वासी माणसाचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असलं पाहिजे, हा त्यांचा पहिला मुद्दा होता.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण

दौंड तालुक्यातील केडगाव इथे पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी मुक्ती मिशन उभारलं. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला होता. पण आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र काही वर्षांनी सापडला, असं त्यांनी स्वतःच्या आत्मकथनात नोंदवलं आहे. नुसतं नाव बदलून काम भागत नाही, हे त्यांना स्वतःपुरतं जाणवलं होतं. १९०५ मध्ये मुक्ती मिशनमध्ये मोठी धार्मिक जागृती झाली. तिथल्या मुली रडत रडत आपापली पापं कबूल करून प्रार्थना करत, अशी वर्णनं त्या काळच्या वृत्तांतांत आहेत. रमाबाईंनी बायबलचं मूळ भाषांवरून साध्या मराठीत भाषांतरही केलं.

फरक कुठे आहे?

फरक आहे आणि तो मोठा आहे. ख्रिस्ती श्रद्धेनुसार क्षमेचा दरवाजा ईसा (अ.) यांच्या वधस्तंभावरील बलिदानामुळे उघडला, बंद्याचा पश्चात्ताप हा त्या दरवाजातून आत जाणं. इस्लाममध्ये अल्लाह आणि बंदा यांच्यात कुणी मध्यस्थ नाही आणि बलिदानाची अटही नाही. आदम (अ.) यांनी तौबा केली आणि अल्लाहने ती कबूल केली (२:३७), विषय तिथेच संपला. म्हणून आपल्याकडे मूळ पाप ही कल्पनाच नाही.

पण बंद्यावरची जबाबदारी दोन्हीकडे आहे. इमाम नववी यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये तौबेच्या अटी दिल्या आहेत: गुनाह सोडणे, त्याची खंत वाटणे, पुन्हा न करण्याचा पक्का इरादा करणे. गुनाह दुसऱ्या माणसाच्या हक्काचा असेल तर चौथी अट लागते, ज्याचा हक्क त्याला परत करणे. बहिणीचा वाटा दाबून, मजुराची मजुरी थकवून केलेली तौबा या चौथ्या अटीवर अडते. "त्यांचं सोपं आहे" असं म्हणण्याआधी आपण आपली चौथी अट किती पाळतो, हेही तपासलं पाहिजे.