अमेरिकेंतील दोन खेळ आणि त्यांची तिजोरी

व्यापाराचा सामान्य नियम असा कीं, शेजारचें दुकान बुडालें म्हणजे आपल्या दुकानीं गिऱ्हाइकांची रीघ लागते. खेळाच्या धंद्यांत हा नियम उलटा पडतो. समोरचा संघ अगदींच दुबळा असला, तर सामन्याचा निकाल आधींच ठरल्यासारखा होतो; आणि ज्याचा निकाल ठाऊक आहे, त्या सामन्याचें तिकीट कोण काढणार? सायमन रॉटेनबर्ग या अर्थशास्त्रज्ञानें १९५६ सालीं बेसबॉलवरील आपल्या निबंधांत ही गोष्ट शास्त्रीय रीतीनें मांडली. अमेरिकेंतील संघमालकांना तिचा अनुभव त्यापूर्वींच आलेला होता. मात्र त्या अनुभवापासून बेसबॉलच्या मालकांनीं एक धडा घेतला आणि फुटबॉलच्या मालकांनीं निराळाच. हा फुटबॉल म्हणजे आपल्या मैदानांवर पायानें खेळला जाणारा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातीं धरून प्रतिपक्षाची फळी फोडीत पुढें जाण्याचा तो अमेरिकन खेळ होय. बेसबॉल मात्र क्रिकेटचा दूरचा आप्त म्हणतां येईल.

वडीलकीचा मान बेसबॉलचा. त्याची ‘नॅशनल लीग’ १८७६ सालीं स्थापन झाली, आणि तीनच वर्षांनीं मालकांनीं आपसांत असा ठराव केला कीं, एका संघानें राखून ठेवलेल्या खेळाडूस दुसऱ्या संघानें घेऊं नये. प्रारंभीं प्रत्येक संघाच्या पांच खेळाडूंपुरता असलेला हा नियम पुढें सर्वांनाच लागू झाला. कराराची मुदत संपली तरी खेळाडूची सुटका नाहीं, असा त्याचा अर्थ. १९२२ सालीं तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवणारा निर्णय दिला. खेळाडूंना मोकळीक दिल्यास श्रीमंत संघ सारे उत्तम खेळाडू उचलून नेतील, असें मालक सांगत. युक्तिवाद ऐकावयास गोड होता; परंतु खेळाडूला स्वतः जातां येत नसलें तरी मालकाला त्यास विकतां येत होतें! १९१९ च्या अखेरीस बोस्टनच्या मालकानें बेब रूथ हा अद्वितीय खेळाडू १ लक्ष डॉलरांस न्यूयॉर्कच्या यांकीज संघास विकला. तोंवर एकदांही आपल्या लीगचें अजिंक्यपद न मिळविलेल्या यांकीजनीं १९२१ ते १९६४ या ४४ हंगामांत तें २९ वेळां पटकाविलें, आणि २० वेळां ते सर्व बेसबॉलचे विजेते ठरले. ज्या नियमानें समता राखावयाची, त्याच्याच छायेखालीं ही मिरासदारी वाढली.

त्याच लीगच्या दुसऱ्या टोकाला सेंट लुई शहराचा ब्राऊन्स संघ होता. १९३५ च्या संपूर्ण हंगामांत त्याच्या मैदानावर अवघे सुमारें ८१ हजार प्रेक्षक आले. पुढें टेलिव्हिजन आला, तेव्हां ब्राऊन्सचे मालक बिल व्हेक यांनीं विचारलें कीं, सामना जर दोन संघांचा, तर प्रक्षेपणाचा पैसा एकट्या यजमानाचा कां? प्रश्न बिनतोड होता, पण इतर मालकांनीं तो मनावर घेतला नाहीं. १९५४ च्या हंगामापूर्वीं संघ विकला गेला व बाल्टिमोरला निघून गेला.

फुटबॉलची कथा दारिद्र्यांत सुरू होते. १९२० सालीं ओहायओ राज्यांतील कॅन्टन गांवीं, एका मोटारींच्या दुकानांत, त्याच्या लीगचा जन्म झाला. प्रारंभींच्या वर्षांत संघ निघत आणि बुडत. फिलाडेल्फियाच्या गरीब संघाचे मालक बर्ट बेल यांनीं १९३५ सालीं सुचविलें कीं, महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड करतांना शेवटचा क्रमांक आलेल्या संघास पहिली संधि द्यावी. १९३६ च्या पहिल्याच निवडींत ती संधि खुद्द बेल यांच्याच संघाला मिळाली. गंमत अशी कीं, निवडलेला जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना कधीं खेळला नाहीं.

खरें वळण मात्र १९६१ सालचें. पीट रोझेल हे तरुण कमिशनर सर्व संघांचा टेलिव्हिजनचा हक्क एकत्र विकूं पाहत होते. न्यूयॉर्कच्या जायंट्स संघाचें मारा कुटुंब वेगळें राहतें, तर त्याला कितीतरी अधिक मिळालें असतें. तरीही त्यानें समान वांटणीस रुकार दिला. हा रुकार नसता तर पुढचें कांहींच घडलें नसतें. फिलाडेल्फियाच्या न्यायालयानें ही संयुक्त विक्री बेकायदा ठरविली, तेव्हां लीगनें काँग्रेसकडे धांव घेतली, आणि त्याच सप्टेंबरांत अनुकूल कायदा संमत झाला. १९६२ पासून सीबीएस कंपनी वर्षाला ४६ लक्ष ५० हजार डॉलर देऊं लागली, आणि १४ संघांना सारखा वांटा मिळूं लागला. ग्रीन बे हें लहानसें गांव. तेथील संघ एका धनिकाचा नसून भागधारक नागरिकांचा. त्यालाही न्यूयॉर्कइतकेच डॉलर!

बेसबॉलला हें कां साधलें नाहीं? केवळ मालकांचा लोभ हें उत्तर अपुरें आहे. फुटबॉलचा संघ त्या काळीं हंगामांत १४ सामने खेळे, आणि तेही बहुधा रविवारीं. ते साऱ्या देशाला एकदम दाखवितां येत. बेसबॉलचे सामने १६२, जवळजवळ रोजचे. त्यांचें प्रक्षेपण ज्या त्या शहरापुरतें, म्हणून पैसाही शहराच्या आकाराप्रमाणें.

१९७५ च्या डिसेंबरांत लवादाच्या निवाड्यानें बेसबॉलच्या खेळाडूंची जुनी बेडी तुटली व वेतनें भराभर चढलीं. मालकांनीं वेतनावर मर्यादा मागितली; खेळाडूंनीं १९९४ सालीं संप पुकारला, आणि १९०४ नंतर प्रथमच अंतिम मालिका रद्द झाली. त्याच वर्षीं फुटबॉलमध्यें प्रत्येक संघावर ३ कोटि ४६ लक्ष डॉलरांची मर्यादा लागू झाली. तेथील समतेचा भार अंशतः खेळाडूंच्याच खिशावर पडला, हें विसरतां येत नाहीं.

आतां अजिंक्यपदें मोजूं जावें तर आश्चर्य वाटतें. २००१ ते २०२४ या काळांत बेसबॉलचें अंतिम विजेतेपद कोणत्याही संघाला लागोपाठ दोनदां मिळालें नाहीं. लॉस एंजलिसच्या डॉजर्सनीं २०२५ सालीं तें साधलें. उलट, समान तिजोरीच्या फुटबॉलमध्यें न्यू इंग्लंडच्या संघानें २००२ ते २०१९ यांच्या दरम्यान सहा वेळां विजय मिळविला. पण थोड्या सामन्यांच्या अखेरच्या मालिकेंत बेसबॉलमध्यें दैवाचा हात फार मोठा असतो; संघाची दशा पाहावयाची तर सबंध हंगाम पाहावा लागतो. त्यासाठीं पिट्सबर्ग हें एकच शहर पुरे. तेथील पायरेट्स या बेसबॉल संघाचे १९९३ पासून २०१२ पर्यंतचे सलग २० हंगाम विजयांहून पराभव अधिक असे गेले. त्याच शहराच्या स्टीलर्स या फुटबॉल संघानें २००६ व २००९ सालीं अजिंक्यपद मिळविलें. लोकवस्ती तीच, नदीकांठही तोच. मात्र समान वांटा मिळूनही क्लीव्हलंडचा फुटबॉल संघ २०१७ सालीं सोळाच्या सोळा सामने हरला; पैसा वांटतां येतो, कारभाऱ्यांचें शहाणपण कोणत्या कायद्यानें वांटावें?