गणनयंत्रे आणि क्रियांचा क्रम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भाडे १०० रुपये आणि ५ पोत्यांची हमाली प्रत्येकी १० रुपये. १०० + ५ × १० ही मांडणी अकोल्याच्या बाजारपेठेतील साध्या गणनयंत्रावर १०५० दाखवते. अमरावतीच्या महाविद्यालयातील शास्त्रीय गणनयंत्रावर १५०. साध्या यंत्रात एकाच प्रलंबित क्रियेपुरती स्मृती असल्याने क्रिया दाबल्या क्रमाने पूर्ण होतात. १९७२ च्या ‘एचपी-३५’ने आधी संख्या, मग चिन्ह अशी पद्धत स्वीकारून क्रमाचा निर्णय वापरणाऱ्यावर सोपवला. त्याच दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने गुणाकार-भागाकारास अग्रक्रम देणारी यंत्रे आणली. तरीही ६ ÷ २(१ + २) चे उत्तर काही यंत्रे १, तर काही ९ देतात. तात्पर्य, हा क्रम निसर्गनियम नसून संकेत होय.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) क्रियांचा क्रम शब्दांतूनच व्यक्त होतो. वऱ्हाडातील दधिग्रामच्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञांनी ‘बीजगणिता’वरील टीकेत नियमांच्या उपपत्ती दिल्या. आज वर्गात ‘कंचेभागुबेव’ पाठ होते. मात्र या संकेतामुळे बहुपदी कंसांविना लिहिता येते, हे कारण क्वचितच सांगितले जाते. ते सांगणे हे अध्यापकांचे कर्तव्य ठरते.